टावर चौकातला अठरा ओळींचा कागद

फ्रीगंजात कुणाला भेटायचं तर पत्ता सांगावा लागत नाही. ‘टावरवर ये’ एवढं पुरतं. घड्याळाचा मनोरा, त्याला वळसा घालणाऱ्या दुचाक्या, कपड्यांची दुकानं, बाबासाहेबांचा पुतळा आणि दिवेलागणीनंतर लागणाऱ्या खाण्याच्या गाड्या. रेल्वेचा पूल ओलांडून जुन्या उज्जैनातून येणारी मुलं आणि देवास रोडच्या, म्हणजे विद्यापीठाच्या बाजूनं येणारी मुलं इथं एकमेकांत मिसळतात. कोजागरी नुकतीच झाली होती. गराडूवाल्यानं मोसमातली पहिली कढई चढवली होती. कोनफळाच्या कुळातला हा कंद. त्याच्या फोडी एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात टाकतात, वरून मसाला आणि लिंबू. माझं माहेर इथलं. पुण्याला राहून तीस वर्षं झाली तरी थंडीची चाहूल मला या वासानंच लागते.

मी आले होते ते ताईच्या सांगण्यावरून. तिची मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तेविशीत. “तुझ्याशी बोलते ती. तिच्या मनात काय आहे ते जरा काढून घे,” ताई म्हणाली होती. काढून घ्यायचं म्हणजे दोन गोष्टी: कुणी आहे का, आणि नसेल तर कसा हवा. पहिला प्रश्न मी विचारणार नव्हते. दुसऱ्यासाठी एक कागद घेऊन गेले होते.

त्या कागदाची जन्मकथा अमेरिकेतली आहे. 1939 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांसमोर अठरा गुणांची यादी ठेवली. भरवशाचा स्वभाव, मनाचं स्थैर्य, गोड वागणूक, परस्परांची ओढ, तब्येत, घराची आणि मुलांची हौस, टापटीप, शिक्षण आणि बुद्धी, महत्त्वाकांक्षा आणि कष्टाळूपणा, रूप, लग्नाआधीचं शील, स्वयंपाक-घरकाम, कमाईची शक्यता, सामाजिक प्रतिष्ठा, सारखा धर्म, सारखं शिक्षण, सारखी राजकीय मतं, माणसांत मिसळण्याची आवड. जोडीदारात प्रत्येक गुण किती हवा, त्याला तीन ते शून्य गुण द्यायचे. याच्यावाचून चालणारच नाही, त्याला तीन. असला काय नसला काय, त्याला शून्य. पुढं अनेक दशकं हाच तक्ता तिथल्या निरनिराळ्या विद्यापीठांतून फिरत राहिला. 1939 मध्ये भरवसा आणि मनाचं स्थैर्य सगळ्यांत वर होतं, प्रेम चौथ्या-पाचव्या जागी होतं. काही दशकांत प्रेम पहिल्या जागी गेलं. दहाव्या जागेवरचं शील घसरत घसरत तळाला गेलं. मुलांच्या यादीत ‘तिला स्वयंपाक यावा’ खाली गेलं आणि ‘तिची कमाई’ वर आली. डेव्हिड बस यानं 1989 मध्ये सदतीस समाजांतल्या दहा हजारांवर लोकांचं म्हणणं प्रसिद्ध केलं, त्यात भारतही होता. शीलाच्या अटीबद्दल देशादेशांत सगळ्यांत जास्त तफावत निघाली. स्वीडनला तिची फिकीर नव्हती, भारत आणि चीनला फार होती.

1939 हे साल माझ्या डोक्यात दुसऱ्याच कारणानं पक्कं बसलेलं आहे. त्याच वर्षी माळव्यातल्या एका मराठी तरुणानं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं. वडील पोलीस खात्यात, घर सनातनी वळणाचं, मुलगा उज्जैनच्या माधव कॉलेजात शिकलेला आणि आदल्याच वर्षी इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी.ए. झालेला. आईवडिलांनी त्याच्यासाठी काय योजलं असेल ते कुणाही मराठी माणसाला सांगावं लागणार नाही. त्यानं शांताबाईंना निवडलं. तो गजानन माधव मुक्तिबोध. हिंदीचा एवढा मोठा कवी, मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोधांचा थोरला भाऊ. पुढची पंचवीस वर्षं या जोडप्यानं ओढग्रस्तीत काढली. शाळामास्तरकी, नोकऱ्यांची धरसोड, गावामागून गावं आणि 1964 मध्ये त्यांचं अकाली जाणं. कमाईची शक्यता, सामाजिक प्रतिष्ठा, थोरांचा होकार यांतलं काहीही शांताबाईंच्या वाट्याला आलं नाही. आमच्या लहानपणी घरी मुक्तिबोधांचं नाव अभिमानानं घेतलं जाई, त्यांच्या लग्नाचा विषय मात्र निघत नसे. मला हे फार उशिरा, पुण्यात एका ग्रंथालयात वाचताना कळलं आणि वाईट वाटलं. आपल्याच मुलखात आपल्यासारख्याच घरात घडलेली एवढी धीट गोष्ट आम्हा मुलींना कुणी सांगितली असती तर!

भाची चार जणांना घेऊन आली. दोन मैत्रिणी आणि दोन मुलगे. एक मुलगा मराठी, बाकीचे मालवी घरांतले. आपसांत हिंदी, माझ्याशी भाची आणि तो मुलगा मराठी. मी एकीची मावशी, एकाची काकू आणि तिघांची आंटी. गराडूची पानं हातात आल्यावर कागदाची एकेक प्रत प्रत्येकाला दिली.

पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी सगळ्याला तीन दिले. “आंटी, ये तो सब चाहिए,” एक जण म्हणाला. मग कुठं खोडाखोड सुरू झाली. रूपाचे तीनचे दोन झाले, एकीनं एक केला आणि पुन्हा दोन. ‘शील’ या ओळीपाशी मुलगे गप्प बसले. मुलींतली एक म्हणाली की हा प्रश्न दोघांना सारखा विचारणार असाल तर उत्तर देईन. ‘स्वयंपाक’पाशी उलट झालं. मराठी मुलगा इंदूरला खोली घेऊन राहिलेला आहे, तो सहज बोलून गेला, “काकू, मला येतो. तिला आला नाही तरी चालेल.” त्याच्या आजोबांनी हे वाक्य उच्चारलं नसतं, वडिलांनीही बहुधा नाही. ‘भरवसा’ या शब्दावर मात्र पाचही जण थांबले नाहीत. तीन.

राजकीय मतांना दोघांनी तीन दिले, याचं मला नवल वाटलं. आमच्या वेळी मुलाचं मत कुणाला, हे लग्नानंतर पहिल्या निवडणुकीत कळायचं.

मग भाचीनं तिच्या खणखणीत आवाजात विचारलं, “मावशी, यात जात कुठंय?”

विस्कॉन्सिनच्या यादीत ती असणार नाही. आणि आपल्याकडच्या खऱ्या यादीतही ती अठरांत नसते. ती अठरांच्या वर असते, शून्याच्या ओळीवर, जिथं गुण द्यायला कुणी सांगत नाही. ताईच्या कपाटात बायोडेटांची एक निळी फाइल आहे. त्यातला कोणताही कागद काढा: वर गणपती, मग नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, मग जात-पोटजात, गोत्र, रास, नक्षत्र, नाडी, गण. त्यानंतर उंची, वर्ण, शिक्षण, पगार. मुलगी काय वाचते, कशानं हसते, कशाला घाबरते ही माहिती शेवटच्या ‘आवडीनिवडी’ या ओळीत, आणि तिथं बहुतेक सगळ्यांना वाचन, संगीत आणि प्रवास आवडतो. नवं कोरं माणूस समोर आहे आणि त्याच्याबद्दल जे जाणून घ्यायचं ते पानाच्या तळाला चिकटवलेलं. ही फाइल चाळताना माझा जीव गुदमरतो.

भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या 2011-12 च्या फेरीत देशभरात साधारण शंभरात पाचच लग्नं जातीबाहेरची निघाली. मध्य प्रदेशात शंभरात नव्याण्णव लग्नं जातीत. हा आकडा मी मुलांना सांगितला तेव्हा एक मुलगी म्हणाली, “तो बाकी एक कौन है?” आणि सगळे आजूबाजूच्या गर्दीकडं पाहायला लागले.

यापेक्षाही मला विचार करायला लावणारा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा आहे. बंगालीतल्या आनंदबाजार पत्रिकेत लग्नाच्या जाहिराती देणाऱ्या कुटुंबांना त्यांनी गाठलं, आलेल्या पत्रांना ही कुटुंबं कशी क्रमवारी लावतात ते पाहिलं आणि 2013 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या एका हिशेबात, मुलगा जातीबाहेरचा नको म्हणून मुलीकडची मंडळी एम.ए. झालेला सोडून न शिकलेलासुद्धा पत्करतील, एवढं वजन जातीचं निघालं. मुलाकडच्यांचं गणित असं की ‘अतिशय सुंदर’ आणि ‘बऱ्यापैकी’ यांतल्या फरकाच्या दुप्पट मोल स्वजातीला. गंमत म्हणजे एवढं मोल प्रत्यक्षात कुणाला मोजावंच लागत नाही. शिकलेले, कमावते, देखणे प्रत्येक जातीत असतात, त्यामुळं जातीतच शोधलं तरी जवळपास तसंच स्थळ मिळतं. जात सांभाळणं स्वस्त पडतं म्हणून ती टिकते. हे वाचल्यावर ‘शिक्षण वाढलं की जात आपोआप जाईल’ या माझ्या जुन्या समजुतीला तडा गेला.

पण हा हिशेब मोठ्या समाजाचा. उज्जैनच्या मराठी माणसाला ही चैन परवडत नाही. राणोजी शिंद्यांच्या काळात इथं मराठी वस्ती रुजली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, हरसिद्धीच्या देवळापुढच्या दोन दीपमाळा अजून नवरात्रात उजळतात. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि मागं राहिलेली घरं हळूहळू विरळ होत गेली. 2011 च्या जनगणनेत सगळ्या मध्य प्रदेशात मराठी मातृभाषेचे सुमारे 12 लाख लोक होते, तेही बरेचसे बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा अशा सीमेकडच्या जिल्ह्यांत. मग एका शहरातल्या एका पोटजातीत लग्नाची मुलं असणार किती? आमच्या घरात अटी कशा गळत गेल्या ते मी पाहिलंय. आजीला देशस्थच हवा होता आणि शाखासुद्धा जुळायला हवी होती. माझ्या वेळी कोकणस्थ-देशस्थ हा भेद संपला होता, ‘मराठी असला म्हणजे झालं’ असं आई म्हणायची. तिच्या लेखी मराठी म्हणजे मराठी ब्राह्मण. आता ताई म्हणते, “मालवी ब्राह्मण चालेल, बोलीचं काय, शिकेल.” म्हणजे भाषा आणि जात यांत एक सोडायची वेळ आली तेव्हा आमच्या घरानं भाषा सोडली. अडीचशे वर्षं परमुलखात जिवापाड जपलेली भाषा आम्ही सोडायला तयार झालो, हे लिहितानाही घशात काहीतरी अडकतं.

पत्रिकेचं राज्य तर या गावात असणारच. जुन्या ज्योतिर्विदांनी मध्यरेषा उज्जैनवरून धरली होती. सवाई जयसिंहाची वेधशाळा क्षिप्रेजवळ अजून उभी आहे. मंगळनाथ हे मंगळाचं जन्मस्थान मानलं जातं. दर मंगळवारी तिथं भातपूजेची रांग लागते, त्यात महाराष्ट्रातून आलेली माणसं कितीतरी. मुलीला मंगळ आहे, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात आहे, म्हणून आईवडील तिला घेऊन येतात. भात आणि दही पिंडीवर लिंपतात. मी एकदा एका तशा मुलीजवळ उभी होते. अभियंता असावी, हातात कंपनीचं ओळखपत्र होतं, ती मोबाइलवर कामाचे निरोप पाहत होती आणि गुरुजींनी सांगितलं की हात जोडत होती. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की पास, असा पत्रिकेचा नियम. हिलच्या यादीतही अठराच. मात्र तिथले अठरा गुण त्या माणसाबद्दलचे आहेत.

गाडीवरून उठून आम्ही पुतळ्याच्या बाजूनं चाललो. बाबासाहेब या मुलुखातलेच म्हणायचे. इथून इंदूरच्या पलीकडं, महू छावणीत 14 एप्रिल 1891 चा जन्म. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेलं भाषण मंडळानं होऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. सहभोजनानं जात जाणार नाही, रक्त मिसळल्याखेरीज आपलेपणा येणार नाही, म्हणून खरा उपाय आंतरजातीय विवाह, असं त्यांनी त्यात सांगितलं. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत त्यांनी डॉ. शारदा कबीर या सारस्वत घरातल्या डॉक्टरशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. दरवर्षी चौदा एप्रिलला या चौकात माणूस मावत नाही. आणि मराठी विवाहविषयक जाहिरातींत आजही एक ओळ छापून येते: ‘आंतरजातीय चालेल, एस.सी., एस.टी. क्षमस्व.’ क्षमस्व! एवढा सभ्य शब्द इतक्या क्रूर कामाला लावलेला मी दुसरीकडं पाहिलेला नाही. ही ओळ मी मुलांना म्हणून दाखवली. दोन मुलींपैकी जी मघापासून कमी बोलत होती, तिनं आपला कागद घडी करून पर्समध्ये टाकला. तिची जात मी विचारली नव्हती, नंतरही विचारली नाही. त्या क्षणी ती ओळ मोठ्यानं म्हणायला नको होती असं मला आजही वाटतं.

मुलग्यांची काळजी वेगळी होती. मालवी मुलगा घरच्या शेतीवर आहे, सोयाबीन आणि गहू, आणि सोबत शिकतो. “खेती वाले को कौन देता है,” तो म्हणाला. हे दुखणं महाराष्ट्राचंही आहे. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लोक हसले. मला हसू आलं नाही. 2011 मध्ये सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागं महाराष्ट्रात 894 मुली होत्या, मध्य प्रदेशात 918. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्यांची वाट ही मुलं पाहताहेत. आणि ज्या आल्या, शिकल्या, त्यांना शेतीवरचा नवरा नको असतो तो पैशासाठीच असं नाही. भाचीनं त्याला तोंडावर सांगितलं, “खेती से दिक्कत नहीं. घूंघट से है.” तो जरा वेळानं म्हणाला की त्याची आई घेते, वहिनी नाही घेत.

विद्यापीठात पोहोचलेली मुलगी आधीच एक लढाई जिंकून आलेली असते हे मोठ्यांनी विसरू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 23.1 टक्के अशा होत्या की त्यांचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालं होतं. तिच्या वर्गातल्या, तिच्या गल्लीतल्या मैत्रिणी त्यांत गेलेल्या असतात. ती उरली, शिकली, आणि आता तिला कांदेपोह्यांच्या वीस मिनिटांत आयुष्य ठरवायला सांगायचं? आणि तिनं स्वतः ठरवलंच, जात-धर्म ओलांडून, आणि लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार करायचं म्हटलं, तर तीस दिवस आधी नोटीस द्यायची आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाणार. उज्जैनसारख्या, प्रत्येकाचा मामा प्रत्येकाला ओळखतो अशा गावात तीस दिवस फार मोठे असतात. माझं ताईला, आणि ताईसारख्या सगळ्यांना, कळवळून सांगणं आहे की मुलांना एकमेकांना भेटू द्या. घरी येऊ द्या, भांडू द्या, नकार देऊ द्या. पाचही जणांनी तीन गुण दिलेला भरवसा आणि मनाचं स्थैर्य ही माणसातली लक्षणं बायोडेटात दिसत नाहीत, पत्रिकेत दिसत नाहीत. ती दिसायला सहवास लागतो, आणि तेवढाच आपण त्यांना देत नाही.

साडेआठला टावरखाली पुन्हा थांबलो. मी भाचीला म्हटलं, यादीत नाही असं तुला काही हवं असेल तर खाली लिही. तिनं थोडा विचार करून एकोणिसावी ओळ लिहिली: ‘मला पीएच.डी. करू देणारा.’

तिची मैत्रीण, जिनं कागद पर्समध्ये टाकला होता ती, वाकून वाचत होती. मराठी तिला थोडी कळते. “करू देणारा मतलब? करने देने वाला?” तिनं विचारलं. “तो वो कौन होता है देने वाला?”

भाचीनं पेन तसंच धरून ठेवलं. मला एकदम कितीतरी वाक्यं आठवली. ‘सासरचे नोकरी करू देतात.’ ‘हे माहेरी जाऊ देतात हो.’ ‘माझा जावई तिला गाणं शिकू देतो.’ कौतुकानं बोललेली वाक्यं, मी स्वतःही बोललेली. माझ्या लग्नानंतर मी लिहिते हे कळल्यावर लोक मला विचारायचे, “घरचे लिहू देतात?” आणि मी हसून हो म्हणायचे. ‘देणे’ हे क्रियापद आमच्या सगळ्यांच्या संसारात असं रुतून बसलेलं, आणि ते दाखवलं मराठी मोडकंतोडकं येणाऱ्या एका मुलीनं.

भाचीनं ‘करू देणारा’ खोडलं. ‘सपोर्ट करणारा’ लिहिलं, तेही खोडलं. मग तिनं लिहिलं: ‘मी लॅबमधून रात्री उशिरा आले तर ताट झाकून ठेवणारा. मीही ठेवीन.’

“हा आईला दे,” म्हणून तिनं कागद माझ्या हातात दिला आणि मैत्रिणीला पुलापर्यंत सोडायला गेली.

ताई ओट्यापाशी होती. तिनं चष्मा लावून कागद वाचला, उलटा करून पाहिला. “पत्रिकेचं काही नाही लिहिलं?”

“नाही.”

“जातीचं?”

“नाही.”

तिनं निळी फाइल काढली, कागद आत सरकवला. मग फाइल हातात धरून काही वेळ तशीच उभी राहिली. कागद पुन्हा बाहेर काढला आणि फ्रिजच्या दारावर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, चुंबकाखाली लावला. भाची अजून आली नव्हती. ताईनं एक ताट वाढलं आणि त्यावर दुसरं पालथं घातलं.